प्रभावी म्हणजे बलवान नव्हे : आनुवंशिकतेविषयीच्या एका लोकप्रिय मजकुराचा प्रतिवाद

गेली काही वर्षे एक मजकूर थोड्याफार फरकाने सतत पुढे पाठवला जात आहे. त्याचा आशय असा : प्रत्येक गुणासाठी मुलाला आईकडून एक आणि वडिलांकडून एक जनुक मिळते, या दोहोंपैकी जे प्रभावी असते ते बलवान असल्यामुळे अप्रभावी जनुकाला दाबून टाकते, त्यामुळे प्रभावी गुण पिढ्यान्‌पिढ्या वाढत जातात आणि निळे डोळे किंवा लाल केस यांसारखे अप्रभावी गुण काही शतकांत नामशेष होतील, डोळ्यांचा रंग, कानाची पाळी, जिभेची वळी आणि रक्तगट पाहून मूल कोणाचे हे घरबसल्या ठरवता येते, निसर्गाने चांगली जनुके प्रभावी आणि रोगट जनुके अप्रभावी ठेवली आहेत, आणि ज्या घराण्यात तीन पिढ्यांत एखादा आनुवंशिक रोग झालेला नाही, त्या घराण्याने त्याची चिंता करण्याचे कारण नाही.

यांतील पहिले विधान बहुतांशी बरोबर आहे आणि मजकुराला विश्वासार्हता मिळते ती त्यामुळेच. पुढची विधाने मात्र चुकीची आहेत, आणि त्यांपैकी बहुतेक एकाच गैरसमजातून निघालेली आहेत. एकाच जनुकाच्या निरनिराळ्या रूपांना अलील म्हणतात. प्रभाविता ही एखाद्या अलीलाच्या अंगची ताकद आहे, असे मजकूर गृहीत धरतो. प्रत्यक्षात एकाच व्यक्तीत दोन वेगळी अलीले एकत्र आली असता एका ठरावीक गुणाच्या बाबतीत त्यांतले कोणते नजरेस पडते, एवढेच हा शब्द सांगतो. ते अलील लोकसंख्येत किती जणांत आहे, ते हितकारक आहे की घातक, आणि पुढे त्याचे काय होणार, यांविषयी तो काहीही सांगत नाही. या घोटाळ्यात भाषेचाही थोडा हात आहे. ‘प्रभावी’ म्हटले की वजनदार माणूस डोळ्यांपुढे येतो आणि ‘अप्रभावी’ म्हटले की कुचकामी. दुसऱ्या शब्दाऐवजी ‘प्रच्छन्न’ असा काही शब्द रुळला असता, तर निम्मा गैरसमज झालाच नसता असे मला वाटते.

‘प्रभावी अलील अप्रभावीला दाबून टाकते’ हे विधान आधी घेतो, कारण बाकीच्या विधानांचा डोलारा त्याच्यावर उभा आहे. ग्रेगर मेंडेल यांनी ब्रून, म्हणजे आजचे ब्रनो, येथील मठात वाटाण्यावर केलेले प्रयोग 8 फेब्रुवारी आणि 8 मार्च 1865 रोजी दोन व्याख्यानांतून मांडले आणि 1866 मध्ये ते छापून आले. गोल दाण्याच्या आणि सुरकुतलेल्या दाण्याच्या शुद्ध वाणांचा संकर केल्यावर पहिल्या पिढीतले सगळे दाणे गोल निघाले. त्या दाण्यांपासून आलेल्या झाडांचे स्वपरागण होऊ दिल्यावर दुसऱ्या पिढीत 7324 दाणे मिळाले. त्यांत 5474 गोल आणि 1850 सुरकुतलेले होते. मजकूर लिहिणाऱ्याने पहिल्या आकड्यावर नजर ठेवली आणि दुसऱ्याकडे पाठ फिरवली, असे म्हणावेसे वाटते. एक अख्खी पिढी न दिसलेली सुरकुती पुढच्या पिढीत परतली आणि ती आजोबांच्या सुरकुतीइतकीच पक्की होती. गोल अलीलाच्या शेजारी एक पिढी काढल्याने तिला काहीही इजा झाली नव्हती. मेंडेल यांच्या शोधाचा खरा गाभा हा आहे. दोन्ही अलीले एकमेकांत न मिसळता, एकमेकांना न बदलता राहतात आणि बीजपेशी तयार होताना जशीच्या तशी वेगळी होतात.

त्यांनी यापुढेही एक पायरी टाकली. दुसऱ्या पिढीतल्या गोल दाण्यांपासून त्यांनी 565 झाडे वाढवली आणि त्यांना कोणते दाणे येतात ते पाहिले. 193 झाडांना फक्त गोल दाणे आले, तर 372 झाडांना गोल आणि सुरकुतलेले असे दोन्ही आले. याचा अर्थ, गोल दिसणाऱ्या दर तीन दाण्यांपैकी साधारण दोन दाणे सुरकुतीचे अलील सोबत बाळगून होते. हे प्रमाण ध्यानात ठेवावे. शेवटी त्याची गरज पडणार आहे.

मग गोल आणि सुरकुतीचे अलील एकत्र असताना दाणा गोलच का राहतो? याचे उत्तर मेंडेल यांना ठाऊक असणे शक्य नव्हते. ते 1990 मध्ये मिळाले. वाटाण्यात स्टार्चच्या साखळ्यांना फाटे फोडणारे एक विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन (एन्झाइम), असते. सुरकुतलेल्या वाणात त्या विकराच्या जनुकामध्ये सुमारे 800 अक्षरांचा डीएनएचा एक उपरा तुकडा घुसलेला असतो आणि त्यामुळे काम करणारे विकर तयार होत नाही. स्टार्च कमी बनते, साखर साचून राहते, साखरेमुळे कोवळ्या दाण्यात पाणी अधिक शिरते, आणि दाणा वाळताना ते पाणी निघून गेले की साल सैल पडून सुरकुतते. संकरित दाण्यात एक प्रत धड असते आणि तिने बनवलेले विकर दाणा गोल राहण्यापुरते पुरेसे ठरते. या साऱ्या घडामोडीत गोल अलीलाने दुसऱ्या अलीलाला दाबले, अडवले किंवा गप्प केले असे कोठेच घडत नाही. एका कारखान्यात दोन यंत्रे असावीत, एक बंद पडलेले असावे आणि दुसऱ्याच्या उत्पादनावर गरज भागावी, इतकी ही साधी गोष्ट आहे.

गंमत म्हणजे संकरित दाणा ‘गोल’ ठरतो तोही केवळ नुसत्या डोळ्यांनी पाहिल्यास. आर्थर डार्बिशायर यांनी 1908 मध्ये या दाण्यांतील स्टार्चचे कण सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा संकरित दाण्यातले कण दोन्ही शुद्ध वाणांच्या कणांच्या मधले दिसले. दाण्याच्या आकारात प्रभाविता पूर्ण आहे, पण स्टार्चच्या कणांत ती अपूर्ण आहे. अलीले तीच आहेत. पाहणाऱ्याने प्रश्न बदलला, एवढाच फरक.

विकरांच्या बाबतीत असे वारंवार का घडते, याचे स्पष्टीकरण सूअल राइट यांनी 1934 मध्ये सुचवले होते आणि कॅक्सर व बर्न्स यांनी 1981 मध्ये ते गणिताने पक्के केले. शरीरातील रासायनिक क्रिया लांबलचक साखळीने चालतात आणि त्या साखळीतील एखादे विकर निम्म्यावर आले तरी शेवटच्या उत्पादनात फारसा फरक पडत नाही. बिघडलेली अलीले बहुधा अप्रभावी ठरतात ती या कारणाने. निसर्गाने चांगल्याला वरचढ ठेवायचे असा काही बेत केला आहे, असे समजण्याची गरज नाही.

आणि ‘बहुधा’ हा शब्द येथे मुद्दाम वापरला आहे. काही प्रथिनांच्या बाबतीत हिशेब नेमका उलटा होतो. हाडांना बळकटी देणारे पहिल्या प्रकारचे कोलॅजेन तीन साखळ्यांच्या वेणीसारखे असते आणि त्यांतल्या दोन साखळ्या एकाच जनुकापासून बनतात. समजा, त्या जनुकाची एक प्रत धड आहे आणि दुसरी वेडीवाकडी साखळी बनवते. मग ज्या वेणीत या दोन्ही साखळ्या धड असतील अशा वेण्या चारातून एकच मिळेल. उरलेल्या तीन वेण्यांत किमान एक साखळी सदोष असेल. एकाच सदोष प्रतीने तीन चतुर्थांश माल बिघडवला, म्हणून हाडे ठिसूळ होण्याचा हा आजार प्रभावी आहे. त्या प्रतीने साखळी मुळीच बनवली नसती तर कोलॅजेन निम्मे झाले असते, पण जे असते ते धड असते; आणि खरोखरच अशा रुग्णांमध्ये आजार तुलनेने सौम्य आढळतो. अजिबात काम न करणारे अलील चुकीचे काम करणाऱ्यापेक्षा परवडते, असा हा प्रकार आहे. याला ‘बलवान’ म्हणायचे असेल तर कोणत्या अर्थाने, हे मजकूर लिहिणाऱ्यानेच सांगावे.

प्रभाविता पूर्ण किंवा शून्य असते, हेही खरे नाही. तांबड्या आणि पांढऱ्या गुलबासाचा संकर केला की गुलाबी फुले येतात आणि त्या गुलाबी फुलांच्या पुढच्या पिढीत तांबडी, गुलाबी व पांढरी फुले 1:2:1 या प्रमाणात दिसतात. मेंडेल यांचे नियम 1900 मध्ये पुन्हा उजेडात आणणाऱ्यांपैकी एक असलेले कार्ल कोरेन्स यांनी या झाडावर काम केले होते. एबी रक्तगटात ए आणि बी ही दोन्ही अलीले आपापली खूण पेशीवर उमटवतात, कोणी कोणाच्या आड येत नाही.

या मुद्द्यावरचे माझ्या मते सर्वांत बोलके उदाहरण सिकलसेलचे आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, एवढाच काय तो बदल. या अलीलाच्या दोन प्रती असतील तर गंभीर रक्तक्षय होतो, एक असेल तर व्यक्ती सामान्यतः निरोगी राहते; अशा व्यक्तीला वाहक म्हणतात. म्हणून आजाराच्या दृष्टीने हे अलील अप्रभावी आहे. लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1949 मध्ये विद्युतक्षेत्रात हिमोग्लोबिनचे वहन तपासले, तेव्हा वाहक व्यक्तीच्या रक्तात दोन्ही प्रकारचे हिमोग्लोबिन शेजारी शेजारी आढळले. म्हणून प्रथिनाच्या पातळीवर दोन्ही अलीले सहप्रभावी आहेत. अँथनी अॅलिसन यांनी 1954 मध्ये दाखवून दिले की वाहकांना मलेरियापासून संरक्षण मिळते. त्यासाठी एकच प्रत पुरते, म्हणजे मलेरियाच्या संदर्भात तेच अलील प्रभावी म्हणावे लागेल. हे अलील प्रभावी की अप्रभावी, असे कोणी विचारले तर ‘कशाच्या बाबतीत?’ असा उलट प्रश्न केल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

आता दुसरे विधान : प्रभावी गुण वाढत जातात आणि अप्रभावी नष्ट होतात. हा समज नवा नाही. मेंडेल यांचे काम पुन्हा उजेडात आल्यावर काही वर्षांतच, 1908 मध्ये, ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ उड्नी यूल यांच्या एका शेऱ्यावरून प्रश्न उभा राहिला की, आखूड बोटे हा प्रभावी गुण असेल तर काळाच्या ओघात दर चार माणसांपैकी तिघे आखूड बोटांचे का होऊ नयेत? आनुवंशिकीतज्ज्ञ रेजिनाल्ड पनेट यांनी हा प्रश्न आपले केंब्रिजमधील मित्र, गणितज्ञ जी. एच. हार्डी यांच्यापुढे ठेवला. दोघांची मैत्री क्रिकेटमुळे जुळली होती, असे सांगतात. आनुवंशिकतेच्या एका मूलभूत नियमाचे थोडे श्रेय त्या खेळालाही द्यावे लागेल. निव्वळ प्रभावितेमुळे अलीलांचे प्रमाण पिढ्यान्‌पिढ्या बदलत नाही, हे हार्डी यांचे उत्तर होते; हा प्रश्न त्यांना इतका सोपा वाटला की उत्तर देताना त्यांनी जवळजवळ दिलगिरीच व्यक्त केली. त्याच वर्षी जर्मनीत विल्हेल्म वाइनबर्ग यांनीही स्वतंत्रपणे तोच निष्कर्ष मांडला होता, म्हणून आज दोघांचीही नावे या नियमाला जोडलेली आहेत.

हार्डी यांचे उदाहरण मजकुराला थेट उत्तर देते. समजा, आखूड बोटांच्या दोन्ही प्रती असलेली एक व्यक्ती आणि सामान्य बोटांच्या 10,000 व्यक्ती अशा प्रमाणात एक समाज सुरू झाला आणि जोड्या कोणताही भेद न करता जुळत गेल्या. आखूड बोटे प्रभावी असतील तर पुढच्या पिढीत त्यांचे प्रमाण 10,000 मागे सुमारे दोन होईल, कारण पूर्वी एका व्यक्तीत एकवटलेल्या दोन प्रती आता दोघांत वाटल्या जातील. त्यानंतर मात्र ते प्रमाण तेथेच राहील, वाढण्याचा कल दाखवणार नाही. हाच गुण अप्रभावी असता तर दुसऱ्या पिढीत दहा कोटींत एखाद्यातच दिसला असता, आणि तेथून पुढे त्याने घटण्याचाही कल दाखवला नसता. कारण उघड आहे. दोन वेगळी अलीले असलेली व्यक्ती निम्म्या बीजपेशींत एक आणि निम्म्यांत दुसरे अलील पाठवते. कोणते अलील तिच्या अंगावर दिसते, याच्याशी या वाटपाचा संबंध नाही. तीनास एक हे प्रमाण दोन वाहकांच्या अपत्यांपुरते आहे; ते उचलून संपूर्ण समाजाला लावणे ही मजकुराची चूक, आणि 1908 मधली चूकही तीच होती.

प्रत्यक्ष जगाकडे पाहिले तरी हेच दिसते. हंटिंग्टनचा आजार, म्हणजे मेंदूच्या पेशी हळूहळू नष्ट करणारा रोग, प्रभावी आहे, आणि तरीही युरोपीय वंशाच्या लोकांतसुद्धा तो लाखात साधारण 5 ते 10 जणांना होतो. अॅकोन्ड्रोप्लेशिया हा बुटकेपणाचा सर्वाधिक आढळणारा आनुवंशिक प्रकार प्रभावी असूनही सुमारे 25,000 जन्मांमागे एकदा दिसतो. उलट ओ रक्तगट अप्रभावी आहे आणि जगभरात सर्वांत अधिक लोकांचा गट तोच आहे. मोठेपणीही दुधातील साखर पचवण्याची क्षमता प्रभावी आहे, पण जगातील सुमारे दोन तृतीयांश प्रौढांत ती कमी झालेली असते. सोनेरी केसांच्या लोकांचा अंत जवळ आल्याची बातमी तर 2002 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नावावर जगभर छापली गेली होती. शेवटची सोनेरी केसांची व्यक्ती कोणत्या देशात जन्मेल, इथपर्यंत तिच्यात तपशील होता. असे कोणतेही संशोधन आपण केलेले नाही, असा खुलासा त्या संघटनेला करावा लागला. खुलासा विस्मृतीत गेला आणि बातमी अजून जिवंत आहे.

अलीलांचे प्रमाण बदलते, नाही असे नाही. नैसर्गिक निवड, स्थलांतर, उत्परिवर्तन (जनुकात नव्याने होणारा बदल) आणि लहान समूहांतला निव्वळ योगायोग यांमुळे ते बदलते. परंतु निवडीच्या बाबतीत अप्रभावी असणे हे उलट संरक्षण ठरते. समजा, एक अप्रभावी रोग 10,000 जन्मांत एकदा होतो, म्हणजे त्याच्या अलीलाचे प्रमाण शंभरात एक आहे (रोगासाठी दोन प्रती एकत्र याव्या लागतात, आणि शंभरात एक गुणिले शंभरात एक म्हणजे 10,000 मध्ये एक). त्या रोगाचा एकही रुग्ण अपत्यप्राप्तीच्या वयापर्यंत जगत नाही आणि नवे उत्परिवर्तनही होत नाही, असे कठोरातले कठोर गृहीत धरले, तरी हे अलील निम्म्यावर येण्यास 100 पिढ्या लागतात. 25 वर्षांची पिढी धरली तर ही अडीच हजार वर्षे झाली. बहुतांश प्रती निरोगी वाहकांमध्ये असतात आणि निवडीच्या हाताला त्या लागतच नाहीत. विसाव्या शतकात ‘सदोष’ माणसांची सक्तीने नसबंदी करून समाज शुद्ध करू पाहणाऱ्यांना हे गणित उपलब्ध होते; त्यांनी ते वाचले नाही किंवा वाचून बाजूला ठेवले.

तिसरे विधान मला सर्वांत अनिष्ट वाटते, कारण त्याने संसार मोडू शकतात. डोळे, कान, जीभ आणि रक्तगट पाहून पितृत्व ठरवावे, असे मजकूर सुचवतो. निळे डोळे अप्रभावी आणि तपकिरी प्रभावी, हे साधे सूत्र चार्ल्स आणि गर्ट्रूड डेव्हनपोर्ट यांनी 1907 मध्ये मांडले आणि ते शालेय पुस्तकांत इतके घट्ट बसले की अजून निघत नाही. निळ्या डोळ्यांत निळे रंगद्रव्य नसते. बुबुळाच्या पुढच्या थरात मेलॅनिन कमी असल्यामुळे प्रकाश विखुरतो आणि रंग निळा भासतो. मेलॅनिन किती बनेल याचा मोठा हिस्सा पंधराव्या गुणसूत्रावरील ओसीए2 हे जनुक ठरवते, आणि त्या जनुकाची कळ शेजारच्या हर्क2 जनुकाच्या आत दडलेली असल्याचे 2008 मध्ये स्पष्ट झाले. म्हणून जुने सूत्र बऱ्याच घरांत लागू पडते. पण इतर जनुकेही या कामात हात घालतात. 2021 मध्ये सुमारे 1,93,000 व्यक्तींच्या माहितीवरून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात डोळ्यांच्या रंगाशी निगडित 61 जागा जनुकसंचात सापडल्या. निळ्या डोळ्यांच्या दांपत्याला तपकिरी डोळ्यांचे मूल होणे विरळ आहे, अशक्य नाही.

जिभेची कथा तर शास्त्रज्ञाच्या प्रांजळपणासाठी सांगण्याजोगी आहे. जनुकांचा पहिला नकाशा काढणारे आल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांनी 1940 मध्ये जीभ वळवता येणे हा प्रभावी गुण असावा असे सुचवले. 1952 मध्ये मॅटलॉक यांनी एकाच फलित बीजांडातून जन्मलेल्या जुळ्यांच्या 33 जोड्या तपासल्या, तेव्हा 7 जोड्यांत एकाला जीभ वळवता येत होती आणि दुसऱ्याला नाही. अशा जुळ्यांची जनुके सारखीच असतात, तेव्हा एका जनुकाचा दावा येथेच संपला, आणि पुढे स्टर्टेव्हंट यांनीही तो सोडून दिला. पाठ्यपुस्तकांनी सोडला नाही. कानाच्या चिकटलेल्या पाळीविषयी 2017 च्या एका मोठ्या अभ्यासात 49 जागा निघाल्या. तिच्याविषयी अधिक बोलण्याची गरज नाही.

रक्तगटाचा पाया यांहून बराच भक्कम आहे, कारण तेथे खरोखरच एक मुख्य जनुक आहे. ओ अलीलाच्या सर्वाधिक आढळणाऱ्या रूपात एक अक्षर गळालेले असते, त्यामुळे पुढचा सारा मजकूर विसकटतो आणि साखरेचा रेणू जोडणारे विकर निकामी होते. तरीसुद्धा ‘दोघे ओ, मूल बी, म्हणजे काहीतरी काळेबेरे’ हा निष्कर्ष घाईचा आहे. 1952 मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘बाँबे’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रक्तगटाची नोंद प्रसिद्ध केली. ए आणि बी या खुणा ज्या एच नावाच्या पायावर चढवल्या जातात, तो पायाच या व्यक्तींमध्ये तयार होत नाही, कारण दुसऱ्याच एका जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी असतात. अशा व्यक्तीकडे बी अलील असले तरी नेहमीच्या चाचणीत तिचा गट ओ दिसतो. जोडीदाराकडून मुलाला एचचे धड अलील मिळाले की मुलात बी उघडपणे प्रकट होतो. येथे एका जनुकाचे अप्रभावी अलील दुसऱ्या जनुकाच्या प्रभावी अलीलाला झाकून ठेवते. ‘प्रभावी म्हणजे बलवान’ मानणाऱ्याला हे कोडे सुटणार नाही.

मजकुराचा तर्क उलट दिशेनेही फसतो. प्रभावी गुण मुलात दिसला तर तो आईवडिलांपैकी एकात असलाच पाहिजे, असे त्यात गृहीत आहे. अॅकोन्ड्रोप्लेशिया असलेल्या मुलांपैकी सुमारे 80 टक्के मुलांचे आईवडील सामान्य उंचीचे असतात. त्या मुलांत हे उत्परिवर्तन नव्यानेच झालेले असते. पितृत्वाचा प्रश्न खरोखरच उपस्थित झाला असेल, तर डीएनएवरील अनेक जागा एकाच वेळी तपासणारी प्रयोगशाळेतील चाचणी आहे. बुबुळांवरून असा निवाडा करणे हा अन्याय आहे.

‘चांगली जनुके प्रभावी, रोगट अप्रभावी’ या विधानाला वेगळे उत्तर द्यावे लागत नाही, कारण हंटिंग्टन, ठिसूळ हाडे आणि अॅकोन्ड्रोप्लेशिया यांनी ते आधीच दिले आहे. हंटिंग्टनचे उत्परिवर्तन निवडीतून निसटते, यालाही कारण आहे : लक्षणे बहुधा 30 ते 50 या वयात सुरू होतात, तोपर्यंत मुले जन्मलेली असतात.

शेवटचे विधान, घराण्यात रोग नाही म्हणून धोका नाही, हे दिलासा देणारे असल्यामुळेच धोक्याचे आहे. उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत सिस्टिक फायब्रोसिस हा फुप्फुसे आणि पचनसंस्था यांना ग्रासणारा अप्रभावी रोग सुमारे 2500 जन्मांत एकदा होतो. हार्डी यांच्या नियमाने हिशेब केला तर अलीलाचे प्रमाण 50 मध्ये एक निघते आणि वाहकांचे जवळपास 25 मध्ये एक. एका रुग्णामागे शंभर वाहक, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या घरी या रोगाचे नावही कोणी ऐकलेले नसते. जवळच्या नात्यात विवाह झाला की हे लपलेले अलील दोन्ही बाजूंनी एकाच पूर्वजाकडून येण्याची शक्यता वाढते : 10,000 जन्मांत एकदा होणाऱ्या अप्रभावी रोगाचा धोका सख्ख्या चुलत, मामे किंवा आते भावंडांच्या अपत्यात सुमारे 7 पट होतो. एक्स गुणसूत्रावरील जनुकांच्या बाबतीत तर पुरुषाकडे दुसरी प्रतच नसते, म्हणून तेथे अप्रभावी अलीलही उघडे पडते. हिमोफिलिया आणि रंगांधत्व मुलग्यांत अधिक दिसतात ते यामुळे.

दोन वाहकांच्या पोटी येणाऱ्या प्रत्येक मुलाला रोग होण्याची शक्यता चारात एक असते. ‘एक मूल आजारी झाले, आता पुढची तीन सुरक्षित’ असे समजणारे पालक भेटतात, पण गर्भधारणा मागच्या गर्भधारणेची आठवण ठेवत नाही. दर वेळी चारात एक हीच शक्यता पुन्हा लागू होते. त्याच कारणाने चार मुले असलेल्या अशा दांपत्यांपैकी जवळपास 32 टक्के दांपत्यांची चारही मुले निरोगी निघतात, आणि ते घर पुढे ‘आमच्यात असे काही नाही’ म्हणत राहते. आजारी मुलाच्या निरोगी भावंडाने मोठेपणी विचारले की मी वाहक असण्याची शक्यता किती, तर ‘निम्मी’ हे उत्तर चुकीचे आहे. चार शक्यतांपैकी रोगाची शक्यता त्याच्या बाबतीत आधीच वजा झालेली आहे. उरलेल्या तिनांपैकी दोन वाहकाच्या आहेत. मेंडेल यांच्या 565 गोल दाण्यांच्या झाडांपैकी 372 झाडांत सुरकुती दडलेली निघाली होती, त्याचे कारणही हेच.